‘जाहिरात बंद कर’ म्हणजे नेमकं काय?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या ओळखीचे एक टॉवेल कारखानदार आहेत. परवा मला म्हणाले, “आता ऑनलाइन जाहिराती एआय एजंटच बघणार. त्याला आणि माहिती काय लिहून द्यायची? त्याला कळतंय की सगळं!” असं मानणारे ते एकटे नाहीत. अशा एजंटसाठी माहिती लिहिणं हेच माझं काम असल्यामुळे हा गैरसमज दूर करावासा वाटतो.

एजंट म्हणजे सांगितलेलं काम स्वतः पार पाडणारा प्रोग्राम. त्याच्या पोटात एक भाषा-मॉडेल असतं. त्याला मजकूर वाचता येतो आणि लिहिता येतो, बस्स. जाहिरातीच्या खात्याला ते स्वतः हात लावू शकत नाही. म्हणून प्रोग्रामर त्याच्यासाठी छोटी छोटी टूल बनवतात: एक बजेट बदलणारं, एक जाहिरात थांबवणारं, एक खर्चाचा अहवाल आणणारं. प्रत्येक टूलचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात हवी याचा तक्ता मॉडेलपुढे ठेवला जातो. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही अशा मांडणीची एक खुली पद्धत. मालकाचं बोलणं वाचून मॉडेल टूल निवडतं आणि मागणी लिहितं, दुसरा प्रोग्राम ती अमलात आणतो आणि निकाल परत मजकूर होऊन मॉडेलकडे येतो.

टूलच्या आतला कोड मॉडेलला सहसा दिसतच नाही. त्याला दिसतं ते फक्त वर्णन. माणसासाठी लिहिलेलं माहितीपत्रक अपुरं असलं तर माणूस फोन करून विचारतो. मॉडेल बहुतेक वेळा अंदाज बांधून पुढे जातं. म्हणजे इथे वर्णन हाच यंत्राचा चालता भाग झाला.

पैशांचंच बघा. ‘रोजचं बजेट पाचशे रुपये कर.’ गुगलच्या जाहिरात-प्रणालीत रक्कम मायक्रोमध्ये द्यावी लागते, म्हणजे एका रुपयाचे दहा लाख भाग. तिथे पाचशे रुपये म्हणजे ५०,००,००,००० हा आकडा. मेटाच्या प्रणालीत, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामसाठी, रुपयाचे पैसे करून द्यायचे. तिथे पाचशे रुपये म्हणजे ५०,०००. आता वर्णनात नुसतं ‘बजेट: पूर्णांक’ एवढंच लिहिलं असेल, तर मॉडेल सरळ ५०० लिहू शकतं. मेटाकडे त्याचे पाच रुपये होतात, गुगलकडे रुपयाचा दोन हजारावा भाग. उलटी चूक तर भयंकर आहे. गुगलचा पन्नास कोटींचा आकडा मेटाच्या टूलमध्ये गेला तर रोजचं बजेट पन्नास लाख रुपये!

‘आकडे मायक्रोमध्ये द्या’ असं लिहिलं की भागेल, असं मलाही सुरुवातीला वाटायचं. भागत नाही. मॉडेल मजकूर तुकड्यांत वाचतं. मोठी संख्याही अनेकदा दोन-तीन अंकांच्या तुकड्यांत मोडते. एकामागून एक शून्यं लिहिताना एखादं कमी-जास्त होऊ शकतं. नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाच्या कार्डावर एक भोक चुकलं तर चादरीच्या नक्षीत तोच दोष दर आवर्तनाला त्याच जागी येतो, त्यामुळे सापडतो. मॉडेलची चूक आज होईल, उद्या होणार नाही. म्हणून शून्यं मोजायचं काम त्याला देऊच नये. टूलने रुपये घ्यावेत, गुणाकार कोडने करावा, तक्त्यात किमान आणि कमाल मर्यादा घालावी आणि वर्णनात स्पष्ट लिहावं: ‘रक्कम रुपयांत. पाचशे रुपयांसाठी ५०० लिहा. मायक्रो किंवा पैशांत रूपांतर करू नका.’

समाजमाध्यमांवर ‘एआय लावा आणि निवांत झोपा’ म्हणत महागडे कोर्स विकणारे यातलं काहीच सांगत नाहीत. जाहिरात मुहूर्तावर सुरू करणारेही मी पाहिलेत. कोणाची जाहिरात दिसणार हे ग्राहकाने गुगलवर शोध घेतला की जाहिरातीच्या जागेसाठी त्या क्षणी होणाऱ्या लिलावात ठरतं, आणि हा लिलाव दर शोधाला नव्याने होतो. मुहूर्ताचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

आता भाषेकडे येतो. संक्रांतीची गड्डा यात्रा संपली की दुकानदार म्हणतो, “जाहिरात बंद कर.” त्याच्या मनात असतं, पुढच्या वर्षी पुन्हा लावू. पण गुगलच्या प्रणालीत थांबवणं वेगळं आणि काढून टाकणं वेगळं. काढून टाकलेली मोहीम, म्हणजे एका बजेटवर चालणारा जाहिरातींचा गट, परत चालू करता येत नाही. मराठीत दोन्हीला ‘बंद’ चालतं. म्हणून आमच्या वर्णनात मी ओळ घातली: ‘बंद कर, थांबव, नको आता, असं म्हटल्यास स्थगित करा. कायमची काढून टाकण्यापूर्वी मालकाला मोहिमेचं नाव सांगून विचारा.’

नुसती माहिती वाचून आणणाऱ्या टूललाही नीट वर्णन लागतं. गुगलकडे रोजचं बजेट हे सरासरी असतं. बहुतेक मोहिमांत एखाद्या दिवशी खर्च दुपटीपर्यंत जाऊ शकतो, मात्र महिन्याला बजेटच्या ३०.४ पटींपेक्षा जास्त आकारणी होत नाही. हे लिहिलेलं नव्हतं, तेव्हा चाचणीत आमच्या एजंटने पाचशेच्या बजेटवर नऊशेचा खर्च पाहिला, त्याला बिघाड समजला आणि ऐन गर्दीच्या दिवशी मोहीम थांबवली. आता खर्चाच्या अहवालाच्या वर्णनात पहिलीच ओळ आहे: ‘पाचशेच्या बजेटवर एका दिवशी हजारापर्यंत खर्च दिसणं चूक नाही, महिन्याची बेरीज १५,२०० रुपयांशी ताडून पाहा.’