कानाची खोटी ग्वाही

१६ जुलै १९९९. रात्री ८ वाजून ३८ मिनिटांनी न्यू जर्सीहून पायपर साराटोगा हे एका इंजिनाचं छोटं विमान उडालं. चालवत होते अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव, जॉन एफ. केनेडी ज्युनियर; सोबत पत्नी आणि मेहुणी. मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ येऊन विमान खाली उतरू लागलं आणि पावणेदहाच्या सुमारास अटलांटिकमध्ये कोसळलं. तिघंही गेले. तपासात इंजिनात किंवा यंत्रणेत बिघाड सापडला नाही. वादळही नव्हतं. होती धुरकट हवा, काळोख आणि दिव्यांचा ठिपकाही नसलेला समुद्र.

मग झालं काय?

फुगडी आठवा. थांबल्यावर अंगण उलटं फिरू लागतं. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव. डोकं वळलं की द्रव क्षणभर मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला वळण कळतं. पण एकाच वेगाने वळत राहिलो, तर दहा-वीस सेकंदांत द्रवही नलिकेच्या वेगाने फिरू लागतो आणि कान ग्वाही देतो: आपण सरळ चाललोय. दिवसा डोळे ती चूक पकडतात. क्षितिजच दिसेनासं झालं की कोण पकडणार?

एका बाजूला कललेलं विमान हळूहळू नाक खाली घालतं, वेग वाढतो. वैमानिकाला वाटतं, आपण सरळच आहोत, फक्त उंची घटतेय. तो नाक वर खेचतो. कललेल्या विमानात त्याने वळण आणखी आवळतं आणि विमान भोवऱ्यासारखं खाली घसरतं. आधी पंख समतल करायला हवेत. पण ते केले की कान ओरडतो, ‘उलट्या बाजूला वळतोयस!’ मला यातलं हेच सगळ्यात भयंकर वाटतं: योग्य कृतीच चुकीची भासते.

१९५४ साली इलिनॉय विद्यापीठात वीस जणांना बाहेरचं काही न दिसता उडायला लावलं. विसांचाही ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

यावर उपाय आहे तो समोरच्या यंत्रफलकावरचं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय हे दाखवणारी तबकडी. अंग काहीही सांगो, त्या तबकडीवर विश्वास ठेवायचा. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि परवाना लागतो. केनेडींकडे सुमारे ३१० तासांचा अनुभव होता, तो परवाना नव्हता.

रडारवरची शेवटची नोंद ११०० फुटांची. विमान मिनिटाला ४७०० फुटांहून अधिक वेगाने खाली येत होतं. म्हणजे हातात जेमतेम चौदा सेकंद होते.