जर्मन कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्यात काम करता? तक्रार थेट जर्मनीत कशी नोंदवायची

पगाराच्या चिठ्ठीवर कंत्राटदाराचं नाव, गेटवर कारखान्याचं आणि डिस्पॅचला निघालेल्या बिनवर, म्हणजे मालाच्या पेटीवर, तिसऱ्याच कंपनीचं. प्रेस मशीनमध्ये बोटं गेली की कंत्राटदार कारखान्याकडे बोट दाखवतो, कारखाना कंत्राटदाराकडे. ती तिसरी कंपनी जर्मन असेल तर तिलाही जाब विचारता येतो, हे चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात फार थोड्या कामगारांना ठाऊक आहे. म्हणून ही माहिती.

जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा 2021 मध्ये संमत झाला आणि 1 जानेवारी 2023 पासून लागू आहे. त्यामागे आपल्या शेजारच्या देशांतले मृत्यू आहेत. सप्टेंबर 2012 मध्ये कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्याच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार गेले. तिथला मुख्य ग्राहक जर्मन होता. पीडितांनी डॉर्टमुंडच्या न्यायालयात दावा लावला, तो 2019 मध्ये दाव्याची मुदत उलटल्याच्या मुद्द्यावर फेटाळला गेला. 2013 मध्ये ढाक्याजवळ कपड्याचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं मेली. माल घेणाऱ्याचीही काही जबाबदारी असते, हे कायद्यात यायला एवढे जीव जावे लागले.

कोणत्या कंपन्या, कोणत्या तक्रारी

ज्या कंपनीचे जर्मनीत किमान 1,000 कर्मचारी आहेत तिला हा कायदा लागू होतो. 2023 मध्ये ही मर्यादा 3,000 होती, 2024 पासून खाली आली. मोजायचे ते फक्त जर्मनीतले कर्मचारी, इथले नाहीत.

तुमचा कारखाना त्या कंपनीचा कोण लागतो, हे आधी ठरवा. उपकंपनी असेल आणि जर्मन मालक कंपनीचा तिच्यावर निर्णायक प्रभाव असेल, तर कायदा तिला मालक कंपनीच्या स्वतःच्याच कारभाराचा भाग मानतो. ही सर्वांत मजबूत बाजू. थेट पुरवठादार असेल तर जर्मन कंपनीने दरवर्षी तिथल्या धोक्यांची तपासणी करायची असते. पुरवठादाराचा पुरवठादार असेल, म्हणजे छोटं प्रेस शॉप किंवा प्लेटिंगचं युनिट, तर कंपनीची जबाबदारी तिच्याकडे ठोस माहिती पोचल्यावर जागी होते. ती माहिती पोचवण्याचा मार्ग म्हणजे तुमची तक्रार. म्हणून लहान युनिटमधल्यांनी 'आपलं कोण ऐकणार' म्हणून बसून राहू नये.

तक्रार बालमजुरीची, वेठबिगारीची, सुरक्षेच्या साधनांच्या अभावाची, विश्रांतीशिवाय राबवून घेण्याची, युनियन करू न देण्याची किंवा भेदभावाची असू शकते. स्थानिक किमान वेतनापेक्षा कमी पगार हाही यात येतो. कारखान्याच्या सांडपाण्याने गावाची विहीर नासली असेल तर त्या गावचा शेतकरीसुद्धा तक्रार करू शकतो, तो कामगार असायची गरज नाही.

दोन दरवाजे

पहिला दरवाजा कंपनीचा. कायद्याच्या कक्षेतल्या प्रत्येक कंपनीला तक्रार व्यवस्था ठेवावी लागते आणि तिचे नियम लेखी व सर्वांना पाहता येतील असे ठेवावे लागतात. बहुतेकदा जर्मन कंपनीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज किंवा ईमेल सापडतो. भारतातल्या शाखेचं संकेतस्थळ पाहून थांबू नका. तक्रार मिळाल्याची पोच देणं, तुमच्याशी त्यावर चर्चा करणं, तुमची ओळख गुप्त ठेवणं आणि सूडाच्या कारवाईपासून संरक्षण देणं हे कंपनीवर बंधनकारक आहे.

दुसरा दरवाजा सरकारी. अर्थव्यवहार व निर्यात नियंत्रणाचं जर्मन संघीय कार्यालय, ज्याला थोडक्यात 'बाफा' म्हणतात, या कायद्याची अंमलबजावणी करतं. त्यांच्या संकेतस्थळावरचा अर्ज इंग्रजीतही भरता येतो, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे जायलाच हवं अशी कायद्यात अट नाही. तरी माझं मत असं की जिवाला तातडीचा धोका नसेल तर आधी कंपनीकडे जावं, कारण तिने काय उत्तर दिलं किंवा दिलंच नाही, हाच पुढे बाफापुढे पुरावा होतो.

बाफाच्या अर्जात दोन गोष्टी जोडून दाखवाव्या लागतात: तुमच्या हक्काचा भंग झाला किंवा होऊ घातला आहे, आणि तो जर्मन कंपनीने आपली जबाबदारी न पाळल्यामुळे. नुसतं 'आमच्यावर अन्याय होतो' लिहून भागत नाही.

कागदपत्रं

खरी मेहनत इथे आहे. कंत्राटी कामगाराकडे बऱ्याचदा नेमणूकपत्रच नसतं. मग गेटपास, ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड, पीएफच्या पासबुकातल्या नोंदी, बँकेत जमा झालेला पगार, हजेरीचे फोटो, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज, जे असेल ते गोळा करा. अपघात असेल तर दवाखान्याचे कागद आणि ईएसआयकडे दिलेल्या अपघात अहवालाची प्रत हवी.

सगळ्यांत अवघड असतं ते माल त्याच जर्मन कंपनीकडे जातो हे दाखवणं. एका तरुणाचा अर्ज लिहायला मी मदत करत होतो. हात आत असताना प्रेस थांबवणारा सेन्सर बायपास, म्हणजे बंद, केलेला होता, त्यात उजव्या हाताची दोन पेरं गेली. जवळ कागद म्हणावा असा काही नव्हता. त्याच्या मोबाइलमध्ये मित्रांसोबतचा जेवणाच्या सुट्टीतला एक फोटो होता. मागे निळ्या बिनची थप्पी आणि एका बिनवर पांढरं स्टिकर. फोटो मोठा करत गेलो तर ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर आणि बारकोड स्वच्छ वाचता आला. अख्ख्या अर्जाला आधार मिळाला तो त्या स्टिकरचा. तुमच्याकडेही चलान, पॅकिंगचा लेबल, ड्रॉइंगवरचा लोगो, ऑडिटच्या दिवशी लावलेली सूचना असं काही असेल. मात्र कंपनीची गोपनीय फाइल चोरून काढू नका, त्यातून उलट तुमच्यावरच केस होते.

अर्जात तारीख, शिफ्ट, मशीन, कोणाला आधी तोंडी सांगितलं होतं, हे क्रमाने लिहा. शेवटी काय हवं ते नेमकं मागा: प्रेसला दोन हातांचं बटण आणि चालू सेन्सर, ओव्हरटाइमची थकबाकी, जखमी कामगाराला परत काम. 'या कारखान्याची ऑर्डर रद्द करा' असं लिहू नका. कायद्यातही संबंध तोडणं हा शेवटचा उपाय आहे, आधी सुधारणा. ऑर्डर गेली तर पहिली कात्री कंत्राटी माणसांवरच चालते.

काय मिळतं, काय नाही

बाफा कंपनीकडून माहिती मागवू शकतं, सुधारणेचा आदेश देऊ शकतं, दंड करू शकतं. पण दंड जर्मन सरकारकडे जातो, नुकसानभरपाई तुमच्या हातात पडत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये जर्मन मंत्रिमंडळाने कंपन्यांचं अहवाल देण्याचं बंधन काढणारा आणि दंड गंभीर प्रकारांपुरता ठेवणारा दुरुस्ती मसुदा मंजूर केला, त्या मसुद्यात तक्रार व्यवस्था मात्र कायम आहे.

म्हणून इथले हक्क सोडू नका. ईएसआयचा अपंगत्व लाभ, कामगार आयुक्तांकडे वेतनाचा दावा, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे मशीनची तक्रार, प्रदूषण असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, हे सगळं जर्मनीतल्या अर्जासोबतच चालू ठेवता येतं. त्या प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवा आणि पुढे बाफाच्या अर्जाला जोडा.