गाडीने मोडलेला पाय, उपचारात बिघडलेला पाय

कुणाचा पाय गाडीच्या धडकेत जातो, कुणाचा ऑपरेशननंतर. वकिलासमोर दोघंही जवळजवळ एकच वाक्य बोलतात: दुसऱ्याच्या चुकीमुळे माझं असं झालं, भरपाई हवी. कायद्यातही दोघांचं मूळ एकच, निष्काळजीपणा. समोरच्यावर काळजी घेण्याची जबाबदारी होती, ती त्याने पाळली नाही आणि त्यातूनच नुकसान झालं, या तीन गोष्टी दोघांनाही सिद्ध कराव्या लागतात. म्हणून दोन्ही दावे एकाच जातीचे वाटतात. प्रत्यक्षात चालवायला घेतले की त्यांची तोंडं दोन दिशांना असतात.

डॉक्टरची चूक दाखवणं कठीण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या मते मोठी अडचण त्याच्याही पुढची आहे. अपघातात सापडलेला माणूस सहसा धडधाकट घरातून निघालेला असतो. पेशंट दवाखान्याची पायरी चढतो तोच मुळी आजारी.

आधी चुकीबद्दल. गाडी कशी चालवायला हवी होती हे न्यायाधीशाला कुणी शिकवावं लागत नाही. माप सामान्य शहाण्या माणसाचं, आणि ते कडक. इंग्लंडमध्ये १९७१ च्या नेटलशिप विरुद्ध वेस्टन खटल्यात गाडी शिकणाऱ्या बाईंनाही अनुभवी चालकाचंच माप लावलं गेलं. शिकाऊ असणं ही सबब चालली नाही. डॉक्टरच्या बाबतीत मात्र माप त्याच्याच व्यवसायातून येतं. १९५७ च्या बोलम खटल्यात मानसिक आजारासाठी विजेचे झटके देताना रुग्णाची खुब्याची हाडं मोडली. स्नायू सैल करणारं औषध त्याला दिलेलं नव्हतं. ते द्यावं की नाही यावर त्या काळी डॉक्टरांतच दोन मतं होती, आणि ज्यूरीने रुग्णालयाच्या बाजूने कौल दिला. जाणकार डॉक्टरांच्या एका जबाबदार गटाला मान्य असलेली पद्धत वापरली असेल, तर दुसरा गट वेगळं सांगतो एवढ्यावर निष्काळजीपणा ठरत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात हीच कसोटी उचलून धरली आणि फौजदारी गुन्ह्यासाठी तर निष्काळजीपणा ढोबळ, अक्षम्य दर्जाचाच हवा असं बजावलं. बोलिथो खटल्यात १९९७ मध्ये इंग्लंडने या कसोटीला एक लगाम घातला: तज्ज्ञांचं मत तर्काला टिकणारंही हवं.

त्यामुळे हाडाच्या डॉक्टरविरुद्धच्या दाव्यात हाडाच्याच दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं. ते द्यायला कुणी सहजासहजी पुढे येत नाही, यात नवल नाही. अपवाद उघड्या चुकांचा. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात टॉवेल राहिला होता आणि ती बाई दगावली. घटनाच बोलते, असं न्यायालय अशा वेळी म्हणतं. तरी घटना १९६३ ची आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९६ चा.

आता तिसरी गोष्ट, नुकसान त्या चुकीतूनच झालं का. लंडनमधल्या बार्नेट खटल्यात तीन पहारेकरी चहा प्यायल्यावर उलट्या होतात म्हणून रुग्णालयात गेले. कामावरचा डॉक्टर त्यांना तपासायला आलाच नाही. घरी जा आणि आपापल्या डॉक्टरला दाखवा, एवढा निरोप फोनवरून मिळाला. त्यातला एक त्याच दिवशी गेला. चहात आर्सेनिक होतं. डॉक्टर चुकला हे न्यायालयाने मान्य केलं, पण वेळीच तपासलं असतं तरी तो वाचला नसता असं पुराव्यावरून दिसलं आणि त्याच्या बायकोचा दावा फेटाळला गेला.

हॉट्सन खटला मला यापेक्षा बोचतो. १३ वर्षांचा मुलगा पडला, खुब्याला मार लागला, आणि रुग्णालयाला तो पाच दिवस कळला नाही. पुढे पायात कायमचं व्यंग आलं. निदान वेळेवर झालं असतं तर बरं होण्याची शक्यता २५ टक्के होती, म्हणून खालच्या न्यायालयाने भरपाईही पूर्ण रकमेच्या २५ टक्के दिली. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, १९८७ मध्ये तीही काढून घेतली: ७५ टक्के शक्यता अशी की पाय पडतानाच गेला होता, मग रुग्णालयाने घालवलं काय? हिशेब बिनचूक आहे, पण २५ टक्के आशा हरवण्याला काहीच किंमत नाही हे माझ्या गळी उतरत नाही.

अपघाताच्या दाव्यात माणूस आधीच नाजूक असणं उलट त्याच्याच पथ्यावर पडतं. १९६२ च्या स्मिथ विरुद्ध लीच ब्रेन खटल्यात कारखान्यात वितळलेल्या धातूचा थेंब कामगाराच्या ओठावर उडाला. ऊतींमध्ये आधीपासून बिघाड होता, भाजल्या जागी कर्करोग झाला आणि तो वारला. मालकाला मृत्यूचीही भरपाई द्यावी लागली. ज्याला इजा केली तो जसा असेल तसा पत्करावा लागतो. तत्त्व डॉक्टरलाही लागू आहे. पण चुकीने आधी काहीतरी इजा केली हे दाखवावं लागतं, आणि रुग्णाचं घोडं तिथेच अडतं.

संमतीचा मुद्दा या सगळ्याला बगल देतो. समीरा कोहली खटल्यात (२००८) रुग्णाची परवानगी तपासणीपुरती होती आणि भूल दिलेली असतानाच गर्भाशय व अंडाशय काढले गेले. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, तेव्हा आईने दिलेली संमती सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. शस्त्रक्रिया कौशल्याने झाली की नाही, हा प्रश्नच वेगळा.

कागदांच्या बाबतीतही दोन दाव्यांची तोंडं दोन दिशांना. अपघातात पंचनामा, फोटो, साक्षीदार हे घटनेभोवती आपोआप गोळा होतात. उपचाराचे कागद मात्र ज्याच्यावर आरोप करायचा त्याच्याच कपाटात असतात. भारतात २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. नोटीस पाठवायची असेल तर ती कागद हातात आल्यावर, कारण तज्ज्ञ डॉक्टर पहिल्यांदा मागणार आहे ते तेच.