नजरेचा मार्ग आखणारी मांडणी

जाहिरात, वेष्टन किंवा फलक आपल्याला एका दृष्टिक्षेपात संपूर्ण दिसतो असे वाटते, परंतु डोळ्याची रचना तशी नाही. बारीक तपशील टिपण्याची क्षमता दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या ‘फोव्हिया’ नावाच्या छोट्याशा खळग्यात एकवटलेली असते आणि त्याच्या टप्प्यात येणारा भाग हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढाच भरतो. बाकीचे दृश्य धूसरच असते. म्हणून डोळे सेकंदाला साधारण ३ ते ४ वेळा जागा बदलत राहतात आणि या तुकड्यांतून मेंदू सलग चित्र जुळवतो. नजर आधी कोठे थांबावी, नंतर कोठे वळावी आणि कशाचा संबंध कशाशी लागावा, हे ठरवणे हे ग्राफिक डिझाइनचे मूळ काम आहे. देखणेपणाचा क्रमांक त्यानंतरचा.

नजर कशावर थांबते याबद्दल मानसशास्त्रात भरपूर काम झाले आहे. अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी जेलाड यांनी १९८० साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार रंगासारखे एखादे साधे वैशिष्ट्य मेंदू संपूर्ण दृश्यावर एकाच वेळी तपासू शकतो. काळ्या अक्षरांच्या गर्दीतले एकमेव लाल अक्षर शोधावे लागत नाही, आणि गर्दी दुप्पट केली तरी ते जवळपास तितक्याच वेळात सापडते. मात्र रंग व आकार या दोन्हींचा मेळ घालून काही शोधायचे असेल, तर गर्दीबरोबर वेळही वाढत जातो. अर्थात, वेगळेपणाचा हा फायदा मिळतो तो आजूबाजूला सारखेपणा असेल तेव्हाच. ‘लोगो मोठा करा, ऑफर मोठी करा, फोन नंबरही मोठा करा’ अशी मागणी करणाऱ्या ग्राहकाला डिझायनर नकार देतो, तो केवळ अभिरुचीच्या हट्टापायी नव्हे.

यापेक्षाही प्रभावी, पण सहसा लक्षात न येणारे साधन म्हणजे अंतर. माक्स व्हेर्टहायमर यांनी १९२३ साली दाखवून दिले, की एकमेकांजवळ ठेवलेल्या खुणा आपण आपोआप एका गटातल्या मानतो. चित्राजवळची ओळ त्या चित्राचीच वाटते आणि वस्तूशेजारची किंमत त्या वस्तूचीच वाटते, मग लिहिणाऱ्याच्या मनात काहीही असो. हा नियम मोडला गेला की काय होते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पाम बीच काउंटीत २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत पाहायला मिळाले. वृद्ध मतदारांना वाचता यावे म्हणून तेथील मतपत्रिकेवर अक्षरे मोठी घेण्यात आली. त्यामुळे उमेदवारांची यादी समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली गेली आणि मत नोंदवण्यासाठी छिद्रे पाडण्याचा स्तंभ दोन्हींच्या मध्ये आला. डाव्या पानावर अल गोर यांचे नाव दुसरे होते, परंतु स्तंभातले दुसरे छिद्र उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचे होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २,००० हून अधिक मतदारांनी चुकून ब्युकॅनन यांना मत दिले, आणि संपूर्ण राज्याचा निकाल अवघ्या ५३७ मतांनी गोर यांच्या विरोधात लागला. अक्षरांबाबतचा हेतू चांगला होता आणि प्रत्येक अक्षर वाचताही येत होते. बिघाड झाला तो नाव आणि छिद्र यांच्या नात्यात.

विपणनात या समजण्याच्या प्रश्नाला ओळखण्याचा प्रश्न येऊन मिळतो. नेहमीची खरेदी करणारा माणूस वेष्टन वाचत नाही; रंगाचा पट्टा, चित्राची आकृती आणि नावाचे वळण एवढ्या खुणांवर त्याचा हात पुढे जातो. पेप्सिको कंपनीने जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेत ‘ट्रॉपिकाना’ संत्रारसाचे वेष्टन बदलले. स्ट्रॉ खुपसलेल्या संत्र्याचे जुने चित्र जाऊन तेथे रसाचा पेला आला, आणि ब्रँडचे नाव बारीक अक्षरांत उभे लिहिले गेले. रस तोच होता, तरी दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि कंपनीने जुने वेष्टन परत आणले. नवी मांडणी सुटसुटीत होती, हे मान्य करायला हरकत नाही. परंतु दुकानाच्या फळीवर दुरून नजर ज्या खुणा शोधत होती, त्या खुणाच तिने पुसून टाकल्या होत्या.

या खुणा स्मृतीत तपशिलाने साठवलेल्या नसतात, ही आणखी एक गंमत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८५ विद्यार्थ्यांना ‘अ‍ॅपल’चा लोगो आठवून काढायला सांगितले, तेव्हा तो अचूक काढणारा एकच निघाला. रोज दिसणारे चिन्ह ओळखण्यासाठी ढोबळ आकृती पुरते, आणि म्हणूनच लोगो साधा ठेवण्याचा आग्रह धरला जातो.

सहज वाचता येण्याचा परिणाम विश्वासावरही होतो. रोल्फ रेबर आणि नॉर्बर्ट श्वार्झ यांनी १९९९ साली ‘अमुक शहर तमुक देशात आहे’ अशा धर्तीची विधाने पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठळक तसेच फिकट रंगांत दाखवली. ठळक दिसणारी विधाने लोकांना खरी वाटण्याचे प्रमाण किंचित जास्त निघाले. परिणाम लहान आहे, पण जाहिरातीतला दावा मोठ्या, गडद अक्षरांत आणि अटी तळाशी बारीक करड्या अक्षरांत का असतात, हे समजायला तो उपयोगी पडतो. वेबवरील मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत साध्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे असे सांगितले आहे, फिकट करडी अक्षरे पांढऱ्यावर ही पातळी गाठत नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑनलाइन जाहिरातींसाठी २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शनात तर अट कोठे असावी हेही सांगितले आहे: ज्या दाव्याला ती लागू होते, त्याच्या शक्य तितक्या जवळ.