वाळुंज जगवायचा तर पहिला उन्हाळा सांभाळा

वाळुंज म्हणजे आपला देशी विलो, शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. मुळांशी पाणी साचले तरी त्याचे काही बिघडत नाही. गिरणा, पांझरेच्या काठची माती धरून ठेवायला हे फार मोलाचे झाड आहे. पण कोरड त्याला सोसत नाही, आणि खानदेशात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो.

बियांच्या मागे लागू नये. कापसासारख्या तंतूंवर उडणाऱ्या त्या बारीक बीत अन्नसाठा जवळजवळ नसतो; उगवणशक्ती थोड्याच दिवसांत संपते. फांदी मात्र सहज लागते. जानेवारी-फेब्रुवारीत वर्षभराची, अंगठ्याएवढी जाड फांदी घ्यावी आणि 20-25 सेंमीच्या काड्या कराव्यात. खालचा काप डोळ्याखाली तिरका, वरचा सरळ घेतला की काडी उलटी लागत नाही. रात्रभर पाण्यात ठेवून दोन भाग पोयटा, एक भाग वाळू, एक भाग कुजलेले शेणखत भरलेल्या पिशवीत दोन तृतीयांश पुरावी. नर-मादी झाडे वेगळी असतात, म्हणून काड्या चार-पाच झाडांवरून आणाव्यात.

बहुतेक रोपे मरतात ती इथे: पालवी दिसली की पिशवी उन्हात नेतात. ती पालवी काडीतल्या साठ्यावर फुटलेली असते, खाली मुळे असतीलच असे नाही. पानांतून पाणी उडते, भरून निघत नाही आणि काडी वाळते. पिशवीच्या तळाशी मुळे दिसेपर्यंत सावली सोडू नये.

लागवड पहिल्या दमदार पावसानंतर, नेहमीच्या पुराच्या रेषेच्या जरा वर करावी. पात्रातले कोवळे रोप पूर घेऊन जातो. खड्डा 45 सेंमीचा, अंतर 3 मीटर. विहिरीचे बांधकाम आणि पाइपलाइन किमान 10 मीटर लांब हवी, कारण मुळे सांध्यांत शिरतात. वाळू उपशाने पात्र खोल गेले असेल, तर काठाखालचे पाणीही खोल गेलेले असते. अशी जागा सोडून द्यावी.

मार्च ते जून आठवड्यातून दोनदा 15-20 लिटर पाणी द्यावे. आळ्यात केळीच्या वाळल्या पानांचा 10 सेंमी थर पसरावा, पण खोडापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी लागते. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालावे. खोडावर छिद्र आणि खाली भुसा दिसला तर आत अळी आहे. तार घालून ती मारावी आणि छिद्र ओल्या मातीने लिंपावे.