एसआयपी ट्रंक की क्लाउड पीबीएक्स? कोटेशनमधे सारखंच दिसतं, पण घेतोय काय ते आधी बघा

ऑफिसला नवीन फोन सिस्टिम घ्यायची म्हणून दोन-तीन ठिकाणांहून कोटेशन मागवलं की हमखास हे होतं, एकात लिहिलेलं असतं 'एसआयपी ट्रंक, १० चॅनेल' आणि दुसऱ्यात 'क्लाउड पीबीएक्स, १० युजर', आणि मालक दोन्ही कागद शेजारी ठेवून खालचा आकडा बघतो नि कमी असेल त्यावर सही करून मोकळा होतो. त्याला तरी काय बोलणार, सेल्सवाले दोन्हीला 'व्हीओआयपी सोल्युशन'च म्हणतात (म्हणजे इंटरनेटच्या तंत्राने चालणारा फोन). पण चॅनेल म्हणजे एका वेळी बाहेर किती कॉल चालू राहू शकतात ते, आणि युजर म्हणजे किती माणसांना एक्स्टेन्शन, म्हणजे ऑफिसातला आपला आपला नंबर, मिळणार ते. १० चॅनेलवर ३०-४० जणांचं ऑफिस आरामात निघतं कारण सगळे एकदम बाहेर बोलत नसतात, १० युजरमधे मात्र अकरावा माणूस आला की लगेच पुढचं लायसन्स. म्हणजे ते दोन १० एकमेकांशी ताडून बघण्यासारखेच नाहीत.

जुन्या ऑफिसात काय असायचं ते आठवा. रिसेप्शनच्या मागे भिंतीवर ईपीएबीएक्सचा डबा (पीबीएक्स म्हणतात तो हाच, ऑफिसचं आपलं छोटं एक्स्चेंज), त्यात टेलिफोन कंपनीकडून आलेल्या चार-सहा लाईनी एका बाजूने घुसायच्या आणि दुसऱ्या बाजूने प्रत्येक टेबलाकडे एक्स्टेन्शनची वायर जायची. बाहेर जायला शून्य किंवा नऊ दाबा, आतल्या आत तीन आकडी नंबर. मोठ्या ऑफिसात सुट्या लाईनींऐवजी पीआरआय असायची, एका जोडणीवर एकदम ३० कॉल. यात दोन वेगळ्या वस्तू आहेत, बाहेरची लाईन आणि आतला डबा. एसआयपी ट्रंकने बाहेरची लाईन बदलली. क्लाउड पीबीएक्सने आतला डबा बदलला (आणि येताना लाईनही सोबत घेऊन आला, गोंधळ होतो तो इथेच). एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

आधी ट्रंक

एसआयपी हा फोन लावायचा-उचलायचा-ठेवायचा प्रोटोकॉल, आज चालतो तो त्याचा मूळ मसुदा २००२ चा, म्हणजे 'नवीन टेक्नॉलॉजी' वगैरे काही नाही. टेलिफोन कंपनी तुमच्या ऑफिसात फायबर आणते, टोकाला स्वतःचा राउटर किंवा गेटवे बसवते, आणि ०२० किंवा ०२५३ असा तुमच्या गावच्या एसटीडी कोडचा नंबर देते. पीआरआयसारखं ३० च घ्या असं बंधन नाही, गरजेप्रमाणे कमीजास्त चॅनेल घेता येतात. आपल्याकडे हा ट्रंक बहुतेक वेळा कंपनीच्या स्वतःच्या लिंकवरून येतो, उघड्या इंटरनेटवरून नाही, त्यामुळे आवाज छान असतो, पण तो त्या पत्त्याला बांधलेला असतो. ऑफिस हलवलं की परत फायबर, परत फिजिबिलिटी (नव्या जागी लाईन देता येते का ही तपासणी), परत पंधरा फोन.

आणि डबा तुम्हालाच आणायचा. ग्रँडस्ट्रीम घ्या, वडोदऱ्याच्या मॅट्रिक्सचा घ्या, नाहीतर एखाद्या जुन्या पीसीवर अ‍ॅस्टेरिस्क टाका. हे अ‍ॅस्टेरिस्क मार्क स्पेन्सर नावाच्या पोराने १९९९ मधे लिहिलं, ओपन सोर्स, फुकट, आणि जगभर असंख्य कॉल सेंटर त्यावर चालतात. फुकट म्हणजे सॉफ्टवेअर फुकट, ते सांभाळणारा माणूस फुकट नाही हे कोटेशनमधे कुणी लिहीत नाही.

त्या माणसाचं काम काय असतं तर उदाहरण घ्या. कॉल लागतो, समोरचा 'हॅलो हॅलो' करतो ते तुम्हाला ऐकू येतं, तुमचं त्याला काही ऐकू जात नाही, किंवा उलटं. हा एकतर्फी आवाज या धंद्यातला सगळ्यात जुना आजार. होतं असं की एसआयपी फक्त कॉल जुळवतो, प्रत्यक्ष आवाज वेगळ्या वाटेने जातो, आणि तो कुठल्या पत्त्यावर पाठवायचा हे एसआयपीच्या निरोपात आत लिहिलेलं असतं. तुमचा फोन बिचारा तिथे आपला घरातला पत्ता लिहितो, १९२.१६८ ने सुरू होणारा, जो राउटरच्या बाहेर कुणाला माहितच नाही. मग आवाजाची पाकिटं निघतात आणि वाटेतच हरवतात. यावर उपाय म्हणून राउटरमधे एसआयपी एएलजी नावाची सोय दिलेली असते, ती निरोपातला पत्ता बदलून देते, आणि बहुतेक वेळा चुकीचा बदलून देते, म्हणून कुठलाही जाणकार टेक्निशियन आला की पहिल्यांदा तेच बंद करतो.

लोक इथे इंटरनेटचा स्पीड वाढवायला धावतात. अहो, लँडलाईनच्या दर्जाचा एक कॉल जाता-येता प्रत्येकी ८०-९० केबीपीएस खातो, दहा कॉल म्हणजे एक एमबीपीएसच्या आत. लागते ती स्थिरता, सेकंदाला ५० पाकिटं दर २० मिलिसेकंदांनी शिस्तीत पोचली पाहिजेत, आणि जायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागले की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर पाय द्यायला लागतात. १०० एमबीपीएसच्या लाईनवर कुणी शेजारी मोठी फाईल अपलोड करत असेल तरी आवाज फाटतो.

अजून एक, डबा इंटरनेटला उघडा ठेवला, पोर्ट ५०६० (एसआयपीचं नेहमीचं दार), एक्स्टेन्शन १०१ आणि पासवर्ड पण १०१, तर शनिवार-रविवारी कुणीतरी त्यातून परदेशात महागडे कॉल लावून जातो आणि बिल तुमच्या नावावर येतं. लागत नसेल तर आयएसडी बंदच करून घ्या.

आता क्लाउड

डबा दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधे, तुम्ही ब्राउझरमधे लॉगिन करून 'विक्रीसाठी १ दाबा' वगैरे लावायचं. पण भारतात या एका नावाखाली दोन अगदी वेगळे प्रकार विकले जातात.

पहिला प्रकार व्हर्च्युअल नंबरवाला, एक्झोटेल, नॉलॅरिटी ही त्यातली ओळखीची नावं. गिऱ्हाईक कंपनीच्या नंबरवर फोन करतं, क्लाउडमधली यंत्रणा तो घेते आणि तुमच्या माणसाच्या साध्या मोबाईलवर दुसरा कॉल लावून दोन्ही जोडते. माणसाकडे इंटरनेट नसलं तरी चालतं, साधा बटणाचा फोन असला तरी चालतं. कोकणात साईटवर फिरणारा सर्व्हिस इंजिनिअर असेल तर याच्यासारखं काही नाही. खर्चाचं मात्र नीट विचारून घ्या, कारण माणसाकडून गिऱ्हाईकाला फोन लावला तर यंत्रणा आधी माणसाला लावते मग गिऱ्हाईकाला, म्हणजे एका बोलण्यात दोन कॉल, आणि मिनिटं बहुधा दोन्हीकडची मोजली जातात.

दुसरा प्रकार अ‍ॅपवाला. लॅपटॉप किंवा मोबाईलवरचं अ‍ॅपच तुमचा फोन, आवाज सगळा इंटरनेटवरून, आणि त्यावर खराखुरा भारतीय नंबर. हा प्रकार परदेशात कधीचाच रुळला, आपल्याकडे उशिरा आला त्याला कारण नियम. २००२ मधे इंटरनेट टेलिफोनी उघडली खरी पण कॉम्प्युटरवरून भारतातल्या साध्या फोनला कॉल लावायची मुभा त्यात नव्हती. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०१७ मधे शिफारशी दिल्या, जून २०१८ मधे दूरसंचार विभागाने परवानाधारक कंपन्यांना वाट मोकळी केली, लगेच बीएसएनएलने 'विंग्ज' काढलं, वर्षाला १,०९९ रुपयात अ‍ॅपवर नंबर. मग लॉकडाऊन आलं, कॉल सेंटरची माणसं घरी बसली, आणि नोव्हेंबर २०२० मधे त्यांची नोंदणीची कटकट गेली, जून २०२१ मधे अजून सैल झालं, घरी बसलेला एजंट साध्या ब्रॉडबँडवरून कंपनीच्या पीबीएक्सला जोडला तरी चालेल असं झालं. झूमने २०२३ मधे परवाना मिळवला आणि ऑक्टोबर २०२४ मधे झूम फोन भारतात सुरू केला तो सगळ्यात आधी महाराष्ट्र सर्कलमधे (सर्कल म्हणजे दूरसंचार परवान्याचा विभाग), म्हणजे पुण्यात. दूरसंचारच्या नकाशात गोवा महाराष्ट्रात मोडतो आणि मुंबई मोडत नाही, तिचं सर्कल वेगळं, नवी मुंबई आणि कल्याण धरून. त्यामुळे 'महाराष्ट्रात मिळतं' असं सेल्सवाला म्हणाला की ठाण्या-मुंबईवाल्यांनी दोनदा विचारावं.

(वाय-फाय कॉलिंग हे तिसरंच प्रकरण. एअरटेलने डिसेंबर २०१९ मधे आणलं ते, त्यात तुमचं सिमच वाय-फायवरून बोलतं, त्याचा ऑफिसच्या एक्स्टेन्शनशी काडीचा संबंध नाही.)

मग कुणी काय घ्यावं

माझं मत विचाराल तर माणसं कुठे बसतात यावर ठरवा, किती आहेत यावर नंतर. महाबळेश्वरला ६० खोल्यांचं हॉटेल आहे समजा. तिथले नव्वद टक्के फोन खोलीतून रिसेप्शनला, किचनला, चहा पाठवा, गरम पाणी येत नाही. यांना प्रत्येक खोलीमागे महिन्याचं युजर भाडं लावणं म्हणजे वेडेपणा, शिवाय २०४ मधला कॉल बाहेर डेटा सेंटरला जाऊन परत खाली रिसेप्शनला येणार आणि इंटरनेट गेलं की चहा पण बंद. इथे आपला डबा आणि चार-पाच चॅनेलचा ट्रंक, विषय संपला. हॉस्पिटल, कारखाना, शाळा यांचं तेच.

उलट बारा जणांची कंपनी, तिघं पुण्यात, दोघं नागपुरात, एक बाई सांगलीत घरून काम करतायत, बाकीचे फिरतीवर, यांनी डबा घेऊन ठेवायचा कुणाच्या घरी? यांना क्लाउड. आणि लाईट गेली तरी गिऱ्हाईकाला 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ऐकू येत राहतं, भिंतीवरच्या डब्याचा यूपीएस संपला की तिथे नुसती शांतता.

ट्रंक घेतला तर घरून काम होतच नाही असं मात्र समजू नका. व्हीपीएन (घरापासून ऑफिसपर्यंत इंटरनेटवरून खाजगी वाट) टाकून आपल्या डब्याचं एक्स्टेन्शन घरच्या लॅपटॉपवर नेता येतं, फक्त ते सांभाळायला परत तो वरचाच माणूस. मोठ्या कंपन्या तर दोन्ही एकत्र वापरतात, मायक्रोसॉफ्टच्या टीम्स अ‍ॅपमधे डायरेक्ट राउटिंग म्हणून सोय आहे त्यात डबा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधला आणि ट्रंक टेलिफोन कंपनीचा, मधे एक बॉर्डर कंट्रोलर, म्हणजे दोन्हीकडचे कॉल जुळवणारा राखणदार. 'हे की ते' विचारणाऱ्यांना हे दाखवावं.

सही करायच्या आधी नंबर कुणाच्या नावावर राहणार ते लेखी घ्या, याच्यावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे. मोबाईल नंबर कंपनी बदलून नेता येतो, लँडलाईनच्या नंबरला ती सोय आपल्याकडे नाही. क्लाउडवाल्याने दिलेला नंबर पाच वर्षं पाटीवर, बिलावर, रिक्षाच्या मागे छापलात आणि मग भाडं दुप्पट झालं तर सोडून जाणार कुठे?

आणि दोन्हीपैकी काहीही घेऊन त्यावरून जाहिरातीचे कॉल लावायचा बेत असेल तर तो सोडा. त्यासाठी नोंदणी करून १४० ने सुरू होणारा नंबर घ्यावा लागतो. नोंदणी नसताना असे कॉल लावणाऱ्यांची एसआयपी असो वा पीआरआय, सगळी कनेक्शनं तोडा आणि दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका असा आदेश ट्रायने १३ ऑगस्ट २०२४ ला काढलाय, आणि काळ्या यादीत गेलात की दुसरी कंपनी पण दारात उभं करत नाही.