ऐका आणि चित्र दाखवा : आमच्या चाचणीसंचाविषयी शिक्षकांसाठी माहिती

शिक्षक बंधू-भगिनींनो,

दुसरीतल्या मुलाला धडा वाचायला दिला आणि खालचे प्रश्न त्याला आले नाहीत. अडलं कुठं? अक्षरं जुळवताना, की वाक्यच कळलं नाही म्हणून? लेखी पेपरावरून हे सांगता येत नाही. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली मांडलं होतं, की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं आणि ऐकून समजणं यांचा गुणाकार. दोनांपैकी एक शून्य असेल, तर उत्तरही शून्यच. यातली दुसरी बाजू वेगळी तपासता यावी म्हणून आम्ही हा संच तयार केला आहे. मूल संवाद ऐकतं आणि तीन चित्रांपैकी एकावर खूण करतं. लिहायचं काहीच नाही.

एक प्रश्न नमुन्यादाखल पाहा.

‘आई, छत्री कुठंय?’
‘दारामागं बघ.’
‘तिथं नाहीये गं.’
‘अरे हो, काल दादानं कपाटावर ठेवली. आत नको शोधू.’

चित्रं तीन: दारामागची छत्री, कपाटावरची छत्री, कपाटातली छत्री. तिन्ही जागा संवादात येतात, त्यामुळे एखादा शब्द कानावर पडला म्हणून उत्तर मिळत नाही. पूर्ण बोलणं ऐकावंच लागतं. मराठीचे खास बारकावेही आम्ही मुद्दाम घेतले आहेत. ‘आम्ही जत्रेला चाललो’ आणि ‘आपण जत्रेला जाऊ’ यांत ऐकणारी धाकटी बहीण सोबत जाणार की घरी राहणार, हे एका शब्दावर ठरतं. असे प्रश्न आम्हांला सगळ्यांत मोलाचे वाटतात.

प्रत्येक प्रश्न संचात घेण्याआधी आम्ही आवाज बंद ठेवून नुसती चित्रं मुलांना दाखवतो. न ऐकताच बरीच मुलं बरोबर चित्राकडे बोट दाखवू लागली, तर तो प्रश्न बाद. बरोबर उत्तराचं चित्र जरा जास्त रंगीत किंवा मोठं झालं, तरी असं घडतं. तुम्ही स्वतः प्रश्न काढत असाल, तर ही एक युक्ती नक्की वापरा.

चाचणी घेताना वर्गाची दारं-खिडक्या बंद ठेवा. मोबाइलचा आवाज मागच्या बाकापर्यंत नीट जात नाही, म्हणून स्पीकर लावा. आधी सरावाचे दोन प्रश्न घ्या. त्यांचे गुण धरू नका. संवाद दोनदा वाजतो. पहिल्या वेळी पेन्सिली खाली ठेवायला सांगा. पहिलीच्या मुलांना एकेकटं बसवून बोटानं दाखवू द्या, नाहीतर सगळा वर्ग शेजाऱ्याच्या कागदाकडे बघतो.

गुणांबाबत एक सावधगिरी. प्रश्न २४ आहेत आणि चित्रं तीन-तीन, म्हणजे निव्वळ अंदाजानंही सरासरी ८ उत्तरं बरोबर येतात. त्यामुळे ९ किंवा १० गुणांवरून ‘थोडंफार समजतं’ असा निष्कर्ष काढू नका. त्या मुलाला जवळ घेऊन तोच संवाद स्वतः बोलून दाखवा आणि ‘हेच चित्र का?’ असं विचारा. नोंदपत्रकात या उत्तरासाठी रिकामी जागा ठेवली आहे. आमच्या मते एकूण गुणांपेक्षा तीच जागा जास्त सांगते.

ही कानांची तपासणी नव्हे. एखादं मूल सतत ‘काय?’ विचारत असेल, बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघत असेल, तर चाचणी बाजूला ठेवा. पालकांशी बोला आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा त्या मुलाला आवर्जून दाखवा.

आता घरच्या बोलीबद्दल. विदर्भात कोथिंबिरीला ‘सांबार’ म्हणतात. बाजारहाटाच्या संवादात ‘कोथिंबीर’ ऐकून तिथलं मूल चुकीच्या चित्रावर खूण करतं, तेव्हा त्याची समज कमी नसते, शब्द आमचा असतो. अहिराणी, मालवणी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांच्या बाबतीत हा अन्याय आणखी मोठा होतो. म्हणून चाचणीच्या आदल्या दिवशी सोबतचा चित्रतक्ता वर्गात लावा आणि ‘याला तुमच्या घरी काय म्हणतात?’ असं विचारा. जे शब्द वेगळे निघतील, ते संवाद गुणांतून वगळा.

संच मागवताना तालुका आणि मुलांची घरची बोली तेवढी कळवा. वेगळे निघालेले शब्दही पाठवा. पुरेसे जमले, की त्या भागातल्याच माणसांच्या आवाजात ते संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करून तुम्हांला विनामूल्य पाठवू.